पेरवाचा कागद आन सदलग्याचं पाव्हणं

पेरवाच्या कागदापायी माझ्या नातीचं लगीन मोडायला आलतं.

नात म्हंजे स्नेहा. आई न्हाय बिचारीला. घरात बाया दोनच, मी आन ती. बेळगावात कॉलेजला शिकती. सुट्टीला आली ती कसलं तरी कागद घिऊन, आन परड्यातलं सगळं पेरू त्यात गुंडाळत बसली!

"आज्जी, ह्या कागदात ओव्याचं तेल हाय. पेरवाला बुरशी धरत न्हाय."

"आगं, बुरशी धरायला पेरू ऱ्हातोय कुठं? आमच्या टायमाला झाडावरच सपायचा!" (ओवा पोटदुखीला असतोय. पेरवाचं पोट कवा दुखलं?)

पुढच्या आयतवारी सदलग्यासनं पाव्हणं यायचं हुतं, तिला बघायला. म्हनलं, पेरू ठिऊया म्होरं. कागद सोडलं. पेरू ताजं हुतं, खोटं कशाला बोलू? पर त्यो वास! सगळं कागद गोळा केलं आन घातलं बंबात. पानी तरी तापंल!

पानी हाय तसंच गार. धूर मातर सोप्यापतूर! आन ओवा धुपला की घराला कसला वास येतोय? बाळंतिणीच्या खोलीचा!

तेवढ्यात पाव्हणं दारात. पोराची आई उंबऱ्यातच थांबली, नाक वर केलं, आन नवऱ्याच्या कानात कन्नडात म्हनली, "मन्याग बाणंती अदाळेन?" घरात बाळंतीण हाय काय म्हनून! (मला कन्नड कळत न्हाय वाटलं तिला! निपाणीच्या बाजारात जलम गेलाय माझा!)

त्यात शेजारची काशाक्का भिंतीवरनं वरडली, "कोन बाळंत झालं गं? पोरगा का पोरगी?"

झालं! सगळ्यांचं डोळं पव्ह्याचा ट्रे धरून हुब्या ऱ्हायल्याल्या स्नेहावर! बिनलग्नाची पोर! माझं डोस्कंच फिरलं. तोंडाला आलं ते बोलले, "मी झाले!"

आन माझी सत्तरी कवाच सरल्याली.

पोराचा बाप हळूच म्हनला, "मग आक्का, बाळ कुठाय?"

स्नेहा अशी हसली, अशी हसली, निम्मं पव्हं खाली! मग तिनंच सगळं सांगितलं. पोराच्या आईनं पेरू हुंगला, चावला, आन म्हनली, "हे कागद आमच्या द्राक्षाला चालतील काय गं?"

लगीन ठरलं. पर सुपारी फोडायला येताना त्या इहीणबाईनं मला काय आणलं? बाळंतिणीचं डिंकाचं लाडू! मला! चारचौघांत! असला राग आलता, डब्यासकट गटारात फेकनार हुते.

पर कंबर लई दुखत हुती. खाल्लं.