खानविलकरांचं सांबर

दत्तप्रसाद खानविलकरच्या शारजातल्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस बूट काढून आत आला, की दत्ता त्याला आधी सोफ्यावर बसवायचा नाही. आधी टीव्हीवरच्या फोटोसमोर उभा करायचा. काळा-पांढरा फोटो. त्यात पस्तिशीतला एक सडसडीत माणूस ठासणीची बंदूक खांद्याला लावून उभा आहे, आणि त्याचा उजवा पाय एका भल्यामोठ्या मेलेल्या सांबराच्या मानेवर आहे.

"माझे वडील," दत्ता सांगायचा. "सन त्रेसष्ट. कुंभार्ली घाट. एका गोळीत."

पाहुणा माना डोलवायचा. मग स्वयंपाकघरातून दत्ताची बायको अनुपमा विचारायची, "चहा आत्ता टाकू, की सांबर पडल्यावर?" कारण सांबर पडायला निदान वीस मिनिटं लागायची. ओढ्यावरचं धुकं, वाऱ्याची दिशा, हाकारे घालणारी वाडीतली माणसं, आबांनी रोखून धरलेला श्वास, सगळं यायचं. त्या वेळी दत्ता दोन वर्षांचा होता आणि पाळण्यात होता. पण सांगताना तो आबांच्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे उभा असायचा.

दत्ताचं स्वतःचं आयुष्य जबल अलीच्या एका गोदामात कागदांवर सह्या करण्यात चाललं होतं. ब्याण्णव साली तो दुबईत आला. कंटेनरमध्ये काय आहे ते कागदावर लिहिलंय, आणि कागदावर लिहिलंय ते कंटेनरमध्ये आहे, हे तपासून खाली 'सर्टिफाइड' असा शिक्का मारायचा, हे त्याचं काम. त्यात तो पक्का होता. एकदा एकशेवीस खोक्यांच्या जागी एकशेएकोणीस निघाली म्हणून त्याने सबंध ट्रक उलटा रिकामा करायला लावला होता. रोज सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास शारजाच्या रस्त्यावर पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसायचं, आणि घरी आल्यावर मान वर केली की सांबर. माणसाला काहीतरी लागतं.

दोन हजार सालच्या जानेवारीत आबा पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. बहात्तर वर्षांचे आबा मितभाषी होते. विमानतळावर त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, "मोठी झालीस," एवढं म्हणाले, आणि गाडीत घरापर्यंत गप्प बसले. नात ईश्वरी सात वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. फोटोतला माणूस आणि सोफ्यावर बसून भाजी निवडणारे हे आजोबा एकच आहेत, हे तिला पटायला दोन दिवस लागले. पटल्यावर तिने बापाला विचारलं, "बाबा, व्हाय डोन्ट वुई गो हंटिंग?"

दत्ताच्या मनात काय काय उचंबळून आलं ते त्यालाच माहीत. या देशात हरणाकडे वाकडा डोळा करून बघणंही महागात पडतं, हे तो जाणून होता. पण बंदुकीशिवायही शिकार होते, असं त्याने जेवताना जाहीर केलं. कॅमेऱ्याने करायची. माग काढायचा, दबा धरायचा आणि टिपायचं. तीन पिढ्यांनी एकत्र.

"चौथी पिढी डबा भरेल," अनुपमा म्हणाली.

आबा ताटाकडे बघून म्हणाले, "कशाला उगाच?" दत्ताला तो विनय वाटला.

कंपनीचा पिकअप चालवणारा युसुफ दापोलीकडचा होता. त्याला जबल अलीच्या मागची एक जागा ठाऊक होती. तिथे रस्त्याच्या कडेला लावलेल्या झाडांना पाणी घालायच्या नळ्या होत्या, आणि ठिबकणारं पाणी चाटायला पहाटे हरणं यायची. "साहेब, मी रोज बघतो," तो म्हणाला. "शेळीएवढी असतात. तुमच्या सांबरासारखी नाहीत हां."

शुक्रवारी उजाडता उजाडता ते निघाले. रस्ता इतका मोकळा होता की एरवी दीड तास खाणारं अंतर पाऊण तासात संपलं, आणि दत्ताला उगीचच फसवल्यासारखं वाटलं. त्याने बारा खिशांचं खाकी जाकीट घातलं होतं. गळ्यात दुर्बीण आणि खांद्याला कॅमेरा. ईश्वरीच्या पायात चालताना टाचेशी लाल दिवे लुकलुकणारे बूट होते. ते बघून दत्ताने कपाळावर हात मारला. शिकारीचा पहिला नियम म्हणजे आपण दिसायचं नाही. आबांनी धोतराऐवजी मुलाची जुनी पँट घातली होती आणि हातात काठी घेतली होती.

वाळूच्या एका उंचवट्याआड सतरंजी पसरून ते बसले. समोर बाभळीसारख्या झाडांची एक रांग, तिच्या मुळाशी काळ्या नळ्या. लांबवर बंदराच्या क्रेन दिसत होत्या. युसुफ गाडीतच थांबला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. दत्ताने बोट थुंकीने ओलं करून वारा बघितला. वारा नव्हता. तरी तो कुजबुजत म्हणाला, "आपण बरोबर बाजूला आहोत."

अर्धा तास गेला. एक साळुंकी आली. ती नळीवर बसून पाणी प्यायली आणि गेली.

"बाबा, व्हेअर इज द डिअर?"

"शू. शिकारीत धीर लागतो. आबा त्या दिवशी ओढ्यावर चार तास बसले होते, पापणी न हलवता." आणि दत्ताने सांबराची गोष्ट सुरू केली. खुद्द शिकारी शेजारी बसलेला असताना ती सांगायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याला विशेष चेव आला होता. धुकं ओढ्यावरून वर चढलं, हाकारे सुटले, सांबर झाडीतून बाहेर आलं, आबांनी श्वास रोखला.

आजवर ही गोष्ट पन्नासेक लोकांनी ऐकली असेल. त्यांतल्या कुणी मध्ये काही विचारलं नव्हतं. ईश्वरीने बापाकडे नाही, आजोबांकडे वळून विचारलं, "आजोबा, डिड इट क्राय?"

आबांनी काठी वाळूत रोवली. मग म्हणाले, "हो बाळा, रडलं. ट्रकवाला पण रडला."

"कुठला ट्रकवाला?" दत्ताने विचारलं.

"गुळाचा ट्रक होता. कराडहून चिपळूणला चाललेला."

दत्ताला वाटलं, आबांची काहीतरी गल्लत होतेय, वय झालं. पण आबांची गल्लत होत नव्हती. वर्षातून एकदा बंदूक कचेरीत नेऊन परवान्यावर शिक्का घ्यावा लागायचा. बंदूक बरोबर घेऊनच ते पाटणकडच्या बहिणीकडे मुक्कामाला गेले होते, आणि तिथून परतताना कचेरीसाठी चिपळूणला निघाले होते, त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून. मागे गुळाच्या ढेपांवर एक फोटोग्राफर बसला होता, लग्नाचे फोटो काढून परतत होता. घाटाच्या एका वळणावर सांबर आडवं आलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण उतार होता.

"पाय मोडले होते त्याचे. डोळ्यांतून पाणी येत होतं. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्याकडे बंदूक आहे, सोडवा त्याला. मी ठासली. बार उडालाच नाही, दारू सर्दलेली. परत ठासली, परत नाही. तेवढ्यात ते आपणच गेलं." आबांनी पुढे सांगितलं, "मग तो फोटोग्राफर म्हणाला, असे उभे राहा, एक काढतो. पाय ठेवा म्हणाला, मी ठेवला. फोटोत डावीकडे काळं गोल दिसतं ना, ते चाक आहे ट्रकचं."

त्या काळ्या गोलाला दत्ता आजवर खडक म्हणत आला होता. त्या खडकाआड आबा दबा धरून बसले होते, असंही त्याने सांगितलेलं होतं.

"आबा, मग तुम्ही इतकी वर्षं..."

"मी कुठे काय बोललो? फोटो त्याने दुकानाच्या काचेत लावला. मी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. तुझ्या आईने तर वाडीत सगळ्यांना सांगून टाकलेलं. ती एवढी खूश मी कधी बघितली नव्हती. आता तिला काय सांगू, गुळाच्या ट्रकने मारलं?"

"म्हणजे तुम्ही कधीच शिकार केली नाहीत?"

"बार दोनदा काढला मी आयुष्यात. भातात डुकरं शिरायची म्हणून. डुकरांना काही झालं नाही. एकदा शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीला आग लागली."

ईश्वरी हसली. दत्ता हसला नाही. त्याला एकदम थकल्यासारखं झालं, आणि बारा खिशांच्या जाकिटात उकडायला लागलं. एका खोक्यासाठी ट्रक रिकामा करणारा माणूस तो. आणि स्वतःच्या बापाच्या फोटोवर त्याने न उघडताच शिक्का मारला होता. आईनेच ही गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगितली होती, ताप आला असताना, कपाळावर पट्ट्या ठेवत. तिला तरी ठाऊक होतं का? विचारायला ती नव्हती.

"बाबा," ईश्वरी अगदी हळू म्हणाली. यावेळी मराठीत. "मागे बघ."

ते तिघं झाडांकडे तोंड करून बसले होते आणि हरणं पाठीमागे आली होती. दोन होती, एक मोठं आणि एक पिल्लू. वाळूच्याच रंगाची, बारीक पायांची. युसुफच्या गाडीपासून वीस पावलांवर उभी राहून ती या माणसांकडे बघत होती, युसुफचं घोरणं ऐकत. दत्ताने कॅमेरा उचलला. झाकण काढायचं राहिलं होतं. ते काढलं, तर बटण सापडेना.

आबांनी मात्र काठी उचलली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि नातीच्या कानाजवळ हलकेच म्हणाले, "ठो."

ईश्वरी खुदकन हसली. हरणं दोन उड्यांत दिसेनाशी झाली. मग सगळ्यांनी थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. युसुफही उठून आला आणि त्याने विचारलं, "आली का?"

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण सोमवारी ईश्वरीच्या शाळेतून दत्ताच्या ऑफिसात फोन आला. आईबाप दोघांनी ताबडतोब यावं. सुपरवायझर शहनाझ मॅडम हैदराबादच्या होत्या, आणि त्यांच्यासमोर ईश्वरीची निबंधाची वही उघडी होती.

"खानविलकर साहब, बच्ची ने क्या लिखा है, आप खुद पढ़िए."

विषय होता 'माझी सुट्टी'. मुलीने इंग्रजीत गोल अक्षरात लिहिलं होतं की शुक्रवारी आम्ही हरणाच्या शिकारीला गेलो. एक आई हरीण आणि एक बाळ हरीण आलं. आजोबांनी नेम धरला आणि ठो केलं. मग हरीण राहिलं नाही. मग आम्ही चटणीबरोबर खाल्लं. खूप मजा आली.

एकही शब्द खोटा नव्हता. दत्ताच्या कागदांसारखाच चोख निबंध होता तो. मॅडमनी चष्मा काढला आणि समजावून सांगितलं की हे इथे किती गंभीर आहे. वर्गातली इतर मुलं घरी जाऊन सांगणार, एखाद्याचा बाप पोलिसांत निघायचा.

"मॅडम, माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी हरीण मारलेलं नाही," दत्ता हिंदीत म्हणाला.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या अनुपमाला ठसका लागला. तिला पाणी द्यावं लागलं.

"ऐसा लिख के दीजिए," मॅडम म्हणाल्या. "ग्रँडफादर की साइन के साथ."

त्या रात्री जेवण झाल्यावर दत्ताने मजकूर तयार केला. दुसऱ्या तऱ्हेने लिहिणं त्याला येत नव्हतं, म्हणून ऑफिसच्या पद्धतीनेच इंग्रजीत लिहिला: प्रमाणित करण्यात येते की, खाली सही करणाऱ्याने आजतागायत कोणतंही हरीण, सांबर वा तत्सम प्राणी मारलेला नाही. सांबर हा शब्द त्याने लिहिला, खोडला, परत लिहिला. अनुपमाने आबांना मराठीत वाचून दाखवलं. आबांनी दोनदा वाचून घेतलं. मग चष्मा लावून, जीभ दातांत धरून, शाळकरी मुलासारखी वळणदार सही केली.

"याची एक झेरॉक्स मला दे," ते म्हणाले. "गावाला नेतो."

"कशाला, आबा?"

"सदतीस वर्षं झाली. आता तुझी आईही नाही. सांगून टाकतो एकदाचं."

मार्चमध्ये आबा परत गेले. दोन आठवड्यांनी दत्ताने फोनचं कार्ड आणून गावाला फोन लावला. आबांनी तो कागद देवळात चार माणसांना दाखवून त्यातला मजकूर सांगितला होता. खरं काय झालं तेही सांगितलं होतं.

"मग?"

"मग काय," आबा म्हणाले. "लोक म्हणतात, अरबांनी लिहून घेतलं. आबांनी तिथेही मारलं असणार, म्हणून पकडले गेले, आणि सहीवर सुटले. बाबल्याचा पोरगा विचारत होता, अरबांचं हरीण केवढं असतं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"शेळीएवढं असतं म्हटलं. तर तो म्हणाला, आबा, तुम्ही फार कमी सांगता."

दत्ता हसायला लागला. बऱ्याच महिन्यांनी असा हसला असेल. इतकी वर्षं दर पंधरवड्याला फोन व्हायचा आणि त्यात तब्येत आणि भात याशिवाय काही नसायचं. तीन मिनिटांत दोघांचं बोलणं संपायचं. आज त्याने खुर्ची ओढून घेतली.

"आबा, ती उडवी पेटली, तेव्हा शेजारी काय म्हणाला?"

मग आबांनी घसा खाकरला. "त्याचं असं झालं," ते म्हणाले, आणि सांगू लागले. ईश्वरी येऊन बापाच्या मांडीवर बसली आणि तिने रिसीव्हरला कान लावला. शेजारी बादली घेऊन कुंपणापर्यंत आला होता, इथवर गोष्ट पोचली आणि कार्ड संपलं.

अनुपमाने पर्समधून दुसरं काढून दिलं.