राख आणि पिवळं पान

पान उजेडाकडे धरून मी उभी होते आणि दवाखान्याचे मोठे डॉक्टर माझ्या मागे उभे होते.

"रोग आहे की नाही, एवढंच सांगा," ते म्हणाले. "असेल तर सगळ्या कुंड्या आजच बाहेर जातील."

दुष्काळाची वर्षं होती ती. नगरमध्ये माती तपासणाऱ्या सरकारी लॅबमध्ये मी केमिस्ट होते. शहराबाहेरच्या क्षयरोग्यांच्या दवाखान्यातून आमच्या लॅबच्या साहेबांना फोन आला आणि त्यांनी मला पाठवलं. बायकांच्या वॉर्डला लागून काचा लावलेला लांब व्हरांडा होता. तिथे बिगोनियाच्या कुंड्या होत्या. महिनोन्महिने पडून राहणाऱ्या बायकांना काहीतरी काम असावं म्हणून मेट्रन गायकवाडबाईंनी एकेकीला एकेक कुंडी दिली होती. छातीचे पेशंट, म्हणून रासायनिक खत नाही, फवारणी तर नाहीच. फक्त शेणखत आणि पेंड.

गेल्या महिन्यापासून झाडं पिवळी पडत होती. कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. सगळ्यांत वाईट दशा साखराबाईच्या कुंडीची होती.

साखराबाई अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची, भंडारदऱ्याजवळची. घरी दोन लहान मुलं. मेट्रननी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कालपासून ती इंजेक्शन घेत नाही. उपचार अर्धवट सुटला तर आजार उलटतो, मग औषधही लागू पडत नाही.

मी तिच्या कॉटजवळ गेले. ती छताकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, माजाच रोग लागलाय त्याला. रोज मी त्याच्यापाशी बसती. आता सुई घिऊन काय उपेग हाय?"

तुझा आजार झाडाला होत नाही, हे मी सांगितलं. तिने मान हलवली, पण ते तिला पटलं नव्हतं. नुसत्या बोलण्याने पटणारही नव्हतं.

मी पुन्हा पानं बघितली. जुनी, खालची पानं हिरवीगार होती. पिवळी होती ती शेंड्याकडची, कोवळी. त्यांच्याही शिरा हिरव्या, मधला भाग तेवढा पिवळा. मेट्रनना वाटलं होतं नत्र कमी पडतंय, म्हणून त्यांनी पेंड वाढवली होती. पण नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, त्यामुळे जुनी पानं आधी पिवळी होतात. इथे उलटं होतं. लोह कमी पडलं की असं होतं, कारण लोह झाडाला जुन्या पानातून नव्यात फारसं नेता येत नाही.

पण शेणखताच्या कुंडीत लोह कमी कसं पडेल? मी माती पाण्यात कालवून तपासपट्टी बुडवली. पट्टी निळी झाली. म्हणजे माती अल्कलीकडे झुकलेली. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. नळ आटल्यापासून कुंड्यांना विहिरीचं जड, चुनखडीचं पाणी जात होतं, हे एक कारण. पण साखराबाईची पट्टी इतरांहून गडद निळी का?

मी तिलाच विचारलं, कुंडीत आणखी काय घालतेस?

"बंबातली राख," ती म्हणाली. "आमच्याकडं भाताच्या रोपाला राब भाजत्यात, वाफ्यावर पालापाचोळा जाळत्यात. राखंनं लई जोमदार येतं."

तिचं चुकीचं नव्हतं. तिच्या डोंगरात पाऊस धो-धो, माती आंबट, तिथे राख मानवते. पण राखही अल्कलीच; नगरच्या चुनखडीच्या पाण्यावर ती पडली की दुखणं वाढतं.

मी डॉक्टरांना सांगितलं, रोग नाही. त्यांनी विचारलं, "खात्री?"

खात्री नव्हती. अंदाज होता. मी त्यांच्याकडे हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, एका पानाला लावायची परवानगी मागितली. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, एकच पान, आणि पुढच्या आठवड्याच्या राउंडपर्यंतच.

साखराबाईच्या कुंडीतल्या एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर मी हिराकसाचं पातळ पाणी ब्रशने लावलं. अर्धा भाग कोरा ठेवला. तिला म्हटलं, हे पान हिरवं झालं तर सुई घ्यायची.

पुढचे दिवस माझं लॅबमध्ये लक्ष नव्हतं. अंदाज चुकला तर कुंड्या गेल्या असत्या, त्याचं एवढं नव्हतं. मी एका बाईचा उपचार एका पानावर टांगून ठेवला होता. दोन दिवसांनी गेले, तर काहीच फरक नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

राउंडच्या सकाळी गेले तेव्हा ती व्हरांड्यातच बसली होती.

"अर्धं हिरवं झालंय," ती म्हणाली. मग, "म्हंजी राखंनं मीच मारत हुते व्हय त्याला?"

"मारत नव्हतीस. भाजीत मीठ जास्त पडावं तसं झालं, एवढंच."

तिने त्याच दिवशी इंजेक्शन घेतलं. राख बंद झाली. कुंड्यांत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरलं. चिंचेच्या पाण्यात गंजके खिळे भिजवून ते पाणी पातळ करून घालायला मी मेट्रनना सांगितलं. कोवळी पानं हळूहळू हिरवी फुटू लागली. आधी पिवळी पडलेली पानं मात्र बरीचशी तशीच राहिली.

साखराबाई पुढच्या वर्षी बरी होऊन घरी गेली. कुंडी नेली नाही. एसटीत सांडेल म्हणाली.

मी त्यानंतर पुष्कळ झाडं तपासली. पान बघायच्या आधी मी एक गोष्ट करते. पाणी कोण घालतं ते विचारते, आणि त्या माणसाशी आधी बोलून घेते.