सहा वचनांतलं चौथं

भिलाईतल्या खुर्सीपारच्या एका रिटायर्ड रेल्वे गार्डाने मला फसवलं. तीन आठवडे मीही त्यांना रोज फसवत होतो, पण ती गोष्ट वेगळी. माझी लबाडी एका ओळीची होती, त्यांची अख्खी.

तेव्हा भिलाईत पोलादाचा प्लांट उभा राहत होता आणि बांधकामाच्या मचाणांना लागणाऱ्या बांबू-बल्ल्यांवर माझी लाकडाची टाल, म्हणजे वखार, जोरात चालायची. नागपूरहून रिकाम्या हाताने आलो होतो. जे मिळवलं ते भांडून मिळवलं. मग एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत एक मिस्त्री धुराड्याच्या मचाणावरून पडून मेला. त्यानंतर मी साइटवर पाय ठेवला नाही. माप तर वर चढूनच घ्यावं लागे, त्यामुळे ठेकेदार एकेक करून दुसऱ्या टालीकडे वळू लागले. मी बाप्तिस्मा घेतलेला, रविवारी उपासनेत पुढे बसणारा. पण मरणाचा विषय निघाला की मला हटकून खोकला यायचा.

गार्डकाका आमच्याच चर्चच्या मंडळीतले. ते टालीवर सागाच्या फळ्या घ्यायला आले. मी भाव सांगितला, त्यांनी निम्मा केला, मी ओरडलो, त्यांनी लांबूनच दोन फळ्यांतली किडीची भोकं दाखवली. सौदा जमल्यावर मी विचारलं, कपाट करता का? ते म्हणाले, नाही, स्वतःची शवपेटी. माझ्या हातातला टेप खाली पडला. त्यांनी तो उचलून दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: मोतिबिंदूमुळे पवित्र शास्त्र वाचता येत नाही, मरणाची भीती वाटून राहिली, रोज येऊन एक स्तोत्र वाचून दाखव. दुसरा कोणी आपल्याहून भित्रा आहे हे ऐकून मला बरं वाटलं. गेलो. त्यांनी एकशे एकोणिसावं मागितलं, सगळ्यांत लांब. मी एकशे सतरावं देऊ केलं, दोनच वचनांचं. "एवढ्यात तं चहाबी थंडा होत नाही," ते म्हणाले. शेवटी तेविसाव्यावर, मेंढपाळाच्या स्तोत्रावर, सौदा जमला. सहा वचनं.

त्यातलं चौथं मरणाच्या दरीतून जाण्याचं. ते मी गाळायचो. टालीत कधी माप मारलं नाही, पण शास्त्रात मारलं. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मग कुरकुर सुरू करायचे: मेंढपाळ सोबत आहे म्हणतोस, मग मले भीती कावून वाटते? माझं डोकं फिरायचं. प्रभू स्वतः मरून उठला, त्याच्या हातात हात दिल्यावर तुम्हाले कसली भीती, असं मी त्यांना गिऱ्हाइकासारखं पटवायचो. ते पटायचे नाहीत. मी घरी जाताना आणखी मुद्दे जुळवायचो, आणि जुळवता जुळवता ते मलाच खरे वाटू लागले.

एका दुपारी त्यांची सून दारातच म्हणाली, डॉक्टरने हात टेकले. काकांना धाप लागली होती. मी वाचायला बसलो आणि चौथं वचन आलं तेव्हा थांबलो नाही. आवाजही हलला नाही.

काकांनी एक डोळा उघडला. "बावीस दिवस लावले लेका, त्या एका वचनाले."

"तुम्हाले माहीत होतं?"

"मले सगळं पाठ आहे."

"आणि भीती?"

"भीती तुले होती. मले तं मोतिबिंदूबी नाही."

ते हसत सुटले, धाप लागेपर्यंत. मी शास्त्र आपटून निघून आलो. दोन दिवसांनी ते गेले. पेटीच्या झाकणाचे स्क्रू मीच आवळले, आणि त्याच आठवड्यात टेप घेऊन धुराड्याच्या मचाणावर चढलो. वर भीती शोधली. सापडली नाही.

पण म्हणून मी गप्प बसणार नाही. तीन आठवडे मी म्हाताऱ्यावर उपकार करतोय या ऐटीत गल्लीतून चालत होतो. ती ऐट त्यांनी एका वाक्यात काढून घेतली आणि मला तोंड उघडायलाही वेळ दिला नाही. शेवटल्या दिवशी मेलेले सगळे उठतील, यावर आता माझा पक्का विश्वास आहे. तर काका, उठाल तेव्हा सुनेला, नातवंडांना मग भेटा. आधी माझ्यासमोर उभे राहा आणि सांगा: माणसाची भीती त्याला न विचारता काढून घ्यायचा हक्क तुम्हाला दिला कोणी?