वरच्या टाकीतलं कुंकू

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मगच सांगते. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना शेजारच्या वहिनींना असा ठसका लागला, की पाठ चोळावी लागली!

जपानच्या डोंगरातल्या अख्ख्या आळीला मी भल्या सकाळी पळायला लावलं. हो, मीच! टोकियोजवळच्या उरायासुला आमच्या बिल्डिंगमध्ये बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं करून कचरा टाकणारी, ती मी!

झालं असं, ह्यांच्या तोयोसुच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलं, "सुट्टीत हॉटेलात कसले जाता? गिफूच्या डोंगरात एका खेड्यात लोकांच्या घरीच राहता येतं. गावचं खायचं, गावच्या कामाला हात लावायचा, पैसा गावातच राहतो. फक्त आपला कचरा आपण परत आणायचा."

मला तर इतकं पटलं! निघायच्या आधी मी फर्मानच काढलं, "साबण नाही, शॅम्पू नाही. डोंगरातल्या पाण्यात आपण काही म्हणजे काही सोडायचं नाही!" ह्यांचा दाढीचा फेससुद्धा बॅगेतून काढून घेतला.

हे वाक्य लक्षात ठेवा हं.

पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. घर हिराता आजींचं, आळीत सगळ्यात वर, डोंगराला टेकून. आजी पाठीत वाकलेल्या, पण चालणं माझ्यापेक्षा झपझप. घराशेजारी नेऊन त्यांनी एक दगडी टाकी दाखवली, तिच्यापुढे हात जोडले आणि बराच वेळ काहीतरी समजावलं. आमची सई जपानी शाळेतच वाढलेली, तिला सगळं कळतं. पण ती फोनला नेटवर्क शोधत होती.

"सई, काय म्हणतायत गं?"

"वॉटर, आई. पाण्याचं काहीतरी."

जेवताना मात्र तिने नीट सांगितलं. आजींचा मुलगा म्हणतो, एकटी राहू नकोस, शहरात ये. आजी म्हणतात, पाहुणे येत राहिले तर मी इथेच राहीन. आळीतले लोक आधी नको म्हणत होते, आता कसेबसे तयार झालेत.

"आणि आपण फर्स्ट गेस्ट आहोत, आई. सो प्लीज, नीट वाग."

मला सांगत होती! मला!

सकाळी सगळ्यांच्या आधी जाग आली. बाहेर आले आणि काय सांगू, पाय जागच्या जागी थांबले. सरळसोट झाडांमधून धुकं वर चढत होतं. कातळातून पाणी येत होतं आणि त्या टाकीत पडत होतं. टाकीवर गवताची वळलेली दोरी, दोरीला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. पाणी इतकं नितळ, की आहे की नाही कळू नये. अंगावर काटा आला हो! देवीच ही, दुसरं काय?

आता मला सांगा, पर्समध्ये कुंकवाची डबी असताना तुम्ही काय केलं असतं?

चिमूटभर कुंकू वाहिलं. रानातलं फूल वाहिलं. डोळे मिटून वाकले, आणि डबी हातातून सटकली. बुडुक!

डोळे उघडते तर टाकी लालभडक. लाल धार बांबूच्या पन्हळीतून उतारावर निघालेली. मला वाटलं, वा! देवीने अख्खी डबीच ठेवून घेतली!

थोड्या वेळात खालून एक बाई धावत आली, हातात किटली. मागून गमबूट घातलेले टोफूवाले आजोबा. त्यांच्या मागे एकजण औषधांची पेटी घेऊन. सगळे "हिराता-सान! हिराता-सान!" ओरडत होते. म्हटलं, केवढी ही भक्ती! एवढ्या पहाटे पूजेला!

ते वाकले, मी वाकले. हातात राहिलेल्या डबीच्या झाकणाला लागलेलं कुंकू बोटावर घेऊन मी किटलीवाल्या बाईच्या कपाळाला लावलं, हातावर खडीसाखर ठेवली. बाई वळली. तिचं कपाळ पाहून मागचे लोक किंचाळले, आणि पेटीवाल्याने तिला तिथेच बसवून पट्टी बांधायला घेतली!

तेवढ्यात सई आली. त्यांचं ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"आई! काय केलंस? सगळ्यांच्या घरी लाल पाणी आलंय. त्यांना वाटलं, आजी टाकीत पडल्या. ब्लड वाटलं त्यांना!"

"अगं, कुंकू वाहिलं देवीला..."

"कोणती देवी? पूर्ण आळीचं ड्रिंकिंग वॉटर आहे ते! आजोबांचा टोफू पिंक झालाय!"

"मग काल नीट सांगायचं नाहीस?"

"सांगितलं ना! वॉटर म्हटलं!"

मागून हे, दाढीचे खुंट खाजवत, "काही म्हणजे काही सोडायचं नाही, होय ना?"

माझं लक्ष आजींकडे गेलं. त्या आठवड्यात टाकी सांभाळायची पाळी त्यांची. एकेकापुढे कमरेत वाकून त्या माफी मागत होत्या. माझ्यासाठी! आळीने आता पाहुणे नको म्हटलं, तर हे घर बंद.

पण कोणी आवाज चढवला नाही. आजोबांनी फळी लावून झरा वळवला आणि सगळे घासायला लागले. मीही ओढणी कमरेला खोचून टाकीत उतरले. सईच्या तोंडून तेव्हा कळलं, टाकीतून जास्तीचं पाणी दुसऱ्या टाकीत जातं, तिथे भाजी धुतात. मग तिसऱ्या टाकीत, तिथे भांडी, आणि खरकटं खायला मासे. वरचा माणूस खालच्यासाठी पाणी राखतो. देवी नाही म्हणून कोण म्हणेल?

पाणी पुन्हा नितळ झालं. आजोबांनी ओंजळीतून घोट घेतला आणि ओगराळं भरून मला दिलं. मी दोन्ही हातांनी धरून ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. गुलाबी टोफू खताच्या खड्ड्यात गेला, माझी अब्रूही त्याच्यासोबत.

मग आजोबा आजींशी काहीतरी बोलले. मी सईचा हात गच्च धरला.

"पाहुणे येऊ देत म्हणतायत, आई. फक्त सगळ्यांना समजेल असा चित्रांचा बोर्ड लावायचा."

परवा इचिकावाची माझी मैत्रीण तिथे राहून आली. म्हणाली, आजी मजेत आहेत, पाहुण्यांची रीघ लागलीय. टाकीजवळचा फोटोही पाठवला, खाली लिहिलं होतं, "वहिनी, ही ओळखीची वाटते का?"

बोर्डावर लाल फुलीची तीन चित्रं आहेत, पाण्यात काय सोडू नये त्याची. पहिल्यात साबण, दुसऱ्यात शॅम्पू आणि तिसऱ्यात, ठसठशीत टिकली लावून हात जोडलेली, मी!