सूचकाची सही

नळवाल्याने माझ्या मुलाला मारलं. गल्ली म्हणते, अपघात होता. दारू पिऊन टेम्पो चालवणाऱ्याला अपघात हा शब्द मी देणार नाही. कोर्टानेही दिला नाही, सात वर्षं दिली.

सुटला तो तुरुंगात नळदुरुस्ती शिकून, आणि राहायला आला पुन्हा आमच्याच गल्लीत. गाडीला मात्र त्याने परत हात लावला नाही. लांबलचक पाइप खांद्यावर टाकून अकरा नंबरच्या बसने गावभर फिरायचा. कुणाचा वायसर गेला, कुणाची टाकी वाहिली, की आधी त्यालाच हाक. माझा नळही त्यानेच बसवला, मी घरात नसताना. कळल्यावर महिनाभर मी शेजारून पाणी आणलं. मग कंबर धरली आणि मुकाट्याने तो मेला नळ उघडला.

पुढे निवडणूक आली. आमच्या वॉर्डाचा सदस्य पाच वर्षांत एकदा तोंड दाखवायचा, म्हणून सगळ्यांनी नळवाल्याच्या मागे लकडा लावला. शिक्षा भोगून बरीच वर्षं झाली होती, कायद्याची आडकाठी नव्हती. तो अर्ज घेऊन माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सूचक म्हणून तुमची सही हवी, म्हणाला. मला वाटलं, अशा उमेदवाराला ज्याचं माणूस गेलं त्याचीच सही लागत असेल. कायद्याला तेवढी तरी अक्कल असेल.

मी शिलाई मशीन थांबवलं नाही. म्हटलं, "नळ दुरुस्त कर, नाही म्हणत नाही. पण तू त्या खुर्चीत बसलास, की दाखल्यासाठी मला तुझ्यासमोर हात जोडून उभं राहावं लागेल. तुला साहेब म्हणावं लागेल. ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

"बरोबर आहे तुमचं, मावशी," तो म्हणाला आणि अर्जाची घडी करून गेला.

तो उभा राहिला नाही. जुनाच सदस्य पुन्हा निवडून आला. तिघांच्या जमिनी लाटल्यात त्याने, पण शिक्षा एकही नाही, म्हणजे धुतल्या तांदळासारखा. दिवसाआड येणारं पाणी आठवड्यावर गेलं. गल्लीने माझ्याशी बोलणं टाकलं. माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात नळवाला छातीत कळ येऊन गेला. त्याची बहीण घर आवरताना सापडलेला तो अर्ज घेऊन माझ्याकडे आली. सूचकाची जागा कोरीच होती. मी म्हटलं, माझ्या सहीवाचून अडलं त्याचं.

"सही कुणाचीही चालली असती, मावशी," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी वीस जण पेन घेऊन दारात आले होते. त्याने सगळ्यांना परत पाठवलं. म्हणाला, मावशी नको म्हणाल्या."

ती गेल्यावर मी दार लावून रडले. मुलाला मारणाऱ्यासाठी रडले, म्हणून मुलाच्या फोटोची माफी मागितली. अर्ज मशीनच्या खणात आहे. सही मी आजही करणार नाही. पण फाडवतही नाही.