आम्ही पाठ फिरवली तेव्हा

माझ्या धाकट्या भावाची बायको अठरा वर्षांत माझ्याशी एकदाही थेट बोलली नव्हती. आमच्या घरात थोरल्या दिरासमोर अशीच रीत. मी दिसलो की तिचा पदर डोक्यावर जायचा, आणि काही सांगायचं असलं तर ती माझ्या बायकोकरवी सांगायची. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

गेल्या वर्षी भातकापणीला मी रजा टाकून बायकोसह गावी, मुळशीला गेलो. मी आयटी पार्कातल्या एका कंपनीची बस चालवतो. शेती माझ्या वाट्याला वर्षातून चार दिवस. म्हणूनच की काय, भाड्यानं आणलेलं कापणीचं मशीन मीच चालवणार, असा हट्ट धरला. भाऊ पेंढ्या घेऊन खळ्यावर गेला होता. मशीनचं पातं बांधातल्या दगडावर आदळलं, त्याचा तुकडा उडाला आणि मागं पेंढ्या बांधणाऱ्या भावजयीची मांडी चिरून पलीकडं चिखलात पडला.

ती ओरडली नाही, नुसती खाली बसली. रक्त ठिबकत नव्हतं, उसळत होतं.

"बाप्यांनी तिकडं तोंडं करा!" तिच्याजवळच पेंढ्या बांधणारी माझी चुलती ओरडली. "बाईमाणसाची मांडी उघडी पडलीया!"

आणि कापणीला आलेल्या आम्ही चार पुरुषांनी खरंच पाठ फिरवली. मी धरणाच्या पाण्याकडं बघत उभा राहिलो.

यात चीड येण्यासारखी गोष्ट ही, की काय करायचं ते मला माहीत होतं. कंपनीनं आम्हा ड्रायव्हरांना प्रथमोपचार शिकवले होते. मी गेलो होतो समोशांसाठी, पण शिकवणाऱ्या बाईंनी प्लास्टिकच्या पायावर मला इतकं दाबायला लावलं की मनगटं भरून आली. रक्त भळभळत असेल तर हातात थोडीच मिनिटं असतात, असं त्या म्हणाल्या होत्या. सगळं आठवत होतं, तरी मी पाणीच बघत होतो.

मागून चुलतीचा आवाज येत होता. "थांबलं का बगू... न्हाई गं... तंबाखू भरा त्येच्यात कुणीतरी." म्हणजे ती पदर दाबत होती आणि घडीघडीला उचलून बघत होती.

मग माझी बायको किंचाळली, "अवं, रगात थांबंना! तुमी शिकून आलाय न्हवं?"

मी वळलो. भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला बघून, त्या अवस्थेतही, तिचा हात पदर शोधायला लागला.

चुलतीला बाजूला सारून मी खांद्यावरचा टॉवेल जखमेत कोंबला, दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि हात ताठ करून सगळा भार टाकला. "आता कापड कुणी उचलायचं न्हाई!" टॉवेल भिजला तेव्हा तो न काढता वर दुसरं कापड ठेवलं. तरी बोटांमधून गरम रक्त येतच राहिलं. मग बायकोला माझ्या जागी दाबायला बसवलं, तिच्या साडीची रुंद पट्टी फाडून जखमेच्या वर चार बोटांवर बांधली आणि गाठीत काठीचा तुकडा घालून पिळत गेलो. आता मात्र भावजय अशी ओरडली की माझे हात सुटतात की काय असं वाटलं. दुखणारच, पण सैल सोडायचं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. मी रडत रडत पिळत राहिलो. रक्त थांबलं. कुणाला तरी किती वाजले ते लक्षात ठेवायला सांगितलं.

वरच्या रिसॉर्टची जीप मिळाली. दवाखान्यापर्यंत मी काठी सोडली नाही. डॉक्टरांनी पट्टी कधी बांधली ते विचारून घेतलं, आणि म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. तिचा पायही वाचला.

गावभर माझं कौतुक झालं. भाऊ तर पायाच पडायला आला. मी ते सगळं घेतलं.

दीड महिन्यानं बायकोला घेऊन तिला बघायला गेलो. ती खाटेवर टेकून बसली होती, डोक्यावर पदर होता. बायको आत गेली तशी ती पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघून बोलली.

"दादा, मी शुद्धीत व्हते. तुमाला येत व्हतं, मग पाठ का फिरवली?"

तुझी लाज राखायला, हे उत्तर तोंडाशी आलं होतं. तिच्या पायाकडं बघून ते उच्चारायचं माझं धाडस झालं नाही.