डाव्या नडगीतली चीर

डॉक्टरांनी तो काळा फोटो दिव्याच्या पांढऱ्या डब्यावर अडकवला आणि पेनाचं टोक माज्या नडगीवर ठेवलं, म्हंजी फोटोतल्या नडगीवर. म्हणले, "ही केसाएवढी रेघ दिसते का? इथं हाड चिरलंय. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात."

मला त्यातलं फ्रॅक्चर एवढंच कळलं. मांडीवर पिंकी व्हती, माजी लेक, दीड वर्साची. तिनं त्या उजेडाकडं हात केला आणि मला रडूच आलं. मी पडले न्हाई, कुटं आपटले न्हाई, मंग हाड चिरलंच कसं?

डॉक्टरांनी समजावलं. एकाच जागी तार वाकवत ऱ्हायलं की ती हळूहळू तुटती, तसं पळून पळून हाड थकतं आणि तितं बारीक चीर पडती. मंग त्यांनी एक इचारलं, "मुलीला कोणत्या कडेवर घेतेस?" मी म्हणलं, डाव्या. दिसभर डाव्याच. उजव्या हातानं काम करायचं असतं न्हवं. त्यांनी मान हलवली. "थांबलीस तर भरून येईल. नाही थांबलीस तर एक दिवस आरपार जाईल. मग ऑपरेशन, आत रॉड. कित्येक महिने हिला उचलता येणार नाही. शर्यत कधी आहे?"

"नऊ आठवड्यांनी."

"विसर," म्हणले.

ज्या बायांच्या पायात अशी कळ येती आणि घरातली म्हणत्यात काय बी झालं न्हाई, त्यांच्यासाठी ही हकीगत सांगतीया. माजी शाळा आठवीपतूर. लिवण्यात चुका असतील, पर हाडाचं सांगते ते खरं हाय.

शर्यत कसली ते आधी सांगते. तिला ट्रायथलॉन म्हणत्यात. एकाच दिवशी आधी पोहायचं, मंग सायकल, मंग पळायचं, मधी थांबायचं न्हाई. आमचे मालक फौजेत, त्यांच्या पलटनीत असली शर्यत व्हायची, ते पत्रात लिवायचे. त्या साली सांगलीच्या एका मंडळानं ती ठेवली आणि बायांचा गट पैल्यांदाच केला. सांगलीला कृष्णेत दोन किलोमीटर पोहायचं, तितनं सायकलीनं कराडच्या अलीकडं मलकापूरपतूर, आणि मलकापुरापासनं उंब्रजपतूर पळायचं. माज्या भावानं पत्रक आणून दिलं. तो सांगलीत दूध घालतो.

म्हायेर माजं सांगलीजवळ नदीकाठाला. पाचव्या वर्सी पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यात टाकलेली पोर मी. शाळेत लंगडीच्या टीमची कॅप्टन व्हते. तालुक्याच्या सामन्याला जायचं त्याच आठवड्यात सोयरीक ठरली आणि शाळा सुटली ती सुटलीच. सामना कोण जिंकलं ते मला अजून म्हाईत न्हाई. तवापासनं जिवाला चैन न्हवती. भाकरी थापतानासुद्धा पाय हलायचे.

सासर सातारच्या अंगाला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना पत्रक दाखवलं तर म्हणल्या, म्हस बी एवढी पळत न्हाई, तिला तरी दावं असतंय. पर ह्यांचं पत्र आलं, जाऊ दे तिला एकदा. मंग त्या गप बसल्या.

मी कालव्याच्या भरावानं पळायला लागले. ह्यांचे फौजेतले तपकिरी बूट पायात, दोन नंबर मोठे, पुढं चिंध्या कोंबलेल्या. चौथ्या आठवड्यात डाव्या नडगीत कळ यायला लागली. पैल्यांदा पळाल्यावर यायची, मंग पळताना, मंग नुसतं चाललं तरी. बोटानं दाबलं की एकाच जागी, रुपयाएवढ्या. हे ध्येनात ठेवा. मांस दुखलं तर सगळीकडं दुखतं, हाड दुखलं तर एका जागी.

साताऱ्यात फोटो काढला. बाकड्यावर तीन तास बसले, पिंकी रडून रडून झोपली, आणि तितल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, काही नाही, नॉर्मल आहे. नॉर्मल म्हंजी सगळं बराबर. मी खुळ्यावाणी खूश झाले. आत्याबाई म्हणल्या, "बघ. नाटकं सारी. भांडी घासाय लागली की दुखतंय, पळाय लागली की बरं."

आता चूक बघा. फोटोत काय न्हाई म्हंजी शीर आखडली, असं सगळ्यांनी धरलं. आमच्याकडं शीर आखडली की चोळायची. गावातली चोळणारी म्हातारी आली, गरम तेल घेऊन. तिनं आंगठा असा रोवला की माज्या डोळ्यांम्होरं काजवे चमकले. ती म्हणली, दुखतंय म्हंजी सुटतंय. रोज चोळून घेतलं आणि रोज पळले. सतरा दिवस.

मंग सांगलीला म्हायेरी गेले, तर भावानं माजं चालणं बघितलं आणि सायकलीच्या क्यारेजवर बसवून सरळ हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं, अशी चीर सुरवातीला फोटोत दिसत न्हाई. दोन-तीन आठवड्यांनी हाड भरायला लागलं की मंग दिसती. बायांनो, पैला फोटो कोरा आला म्हणून पायाला खोटं ठरवू नका.

गुडघ्याखाली प्लास्टर घातलं, चार आठवडे. पिंकीला वाटलं माज्या पायाला नवीन काय तरी आणलंय. ती त्याच्यावर चमच्यानं वाजवायची. मी पडून दिस मोजायचे. आत खाज सुटायची, विणायची सुई घालून खाजवायचे. मन तर कालव्यावरच. निजलं तरी पाय पळायचे, दचकून उठायचे.

प्लास्टर निघालं तवा पाय काडीसारखा झाला व्हता. डॉक्टर म्हणले, पळायचं नाही, पण पाण्यात चालेल, पाण्यात वजन पडत नाही. मी म्हायेरीच ऱ्हायले आणि रोज नदी गाठली. पिंकीला आई सांभाळायची. पाण्यात पाय माजा असल्यावाणी वाटायचा, काठावर आले की परका. पंधरा दिसांनी भावाच्या सायकलीचे दुधाच्या कॅनचे हूक काढले आणि ती पण चालवली. पळणं तेवढं बंद.

शर्यतीच्या आठ दिस आधी डॉक्टरांकडं परत गेले. बाहेर बाकड्यावर काठीवाले, झोळीवाले, हात गळ्यात बांधलेले. मला त्यांच्यात बसायची लाज वाटत व्हती, कारण मी काय मागायला आले ते मला ठाव व्हतं. डॉक्टरांनी आंगठ्यानं दाबलं, मी हू का चू केलं न्हाई. मंग म्हणले, "लंगडी येते?"

मला हसूच आलं.

"डाव्या पायावर दहा उड्या मार. हाड भरलेलं नसेल तर दुखेल. दुखलं की सांग."

मी उजवा पाय मुडपला. चौथ्या उडीला सुई शिरल्यावाणी झालं. मी हसत ऱ्हायले. दहाच्या जागी बारा मारल्या.

डॉक्टर बराच वेळ माज्या तोंडाकडं बघत व्हते. मंग म्हणले, "जाऊ नकोस असंच मी सांगेन. गेलीस तर नियम माझा. पळताना दुखलं की चालायचं. चालताना दुखलं की बसायचं. तिथंच. मग पुढं कोण का उभं असेना."

शर्यतीच्या दिशी सकाळी पाणी गार व्हतं. आमी नऊ बाया, त्यातल्या चौघी कॉलेजच्या, कापडं चकचकीत. मी ह्यांची हाफ पँट आणि वर ब्लाऊज, त्याच्यावर भावाचा बनियन. पाण्यातनं दुसरी निघाले. सायकल सांगायला नको, उन्हात आष्टा, इस्लामपूर, जीव नकोसा. साध्या सायकलीचा गट येगळा व्हता म्हणून निभावलं. सगळ्या रस्त्यानं माजं ध्येन रस्त्यावर न्हाई, नडगीवर. दुखती का, दुखत न्हाई. आता दुखली का, न्हाई वाटतं. घाबरलेलं माणूस कसं दाराकडं बघत बसतंय तसं.

मलकापुरात सायकल भावाच्या हातात दिली आणि पळायला लागले. पिंकीला भावानं आदल्या दिशी सासरी पोचवलं व्हतं, आणि आता त्यानं सांगितलं, उंब्रजला आत्याबाई तिला घेऊन सकाळपासनं थांबल्यात. त्या येतील असं मला वाटलंच न्हवतं. नियमापरमानं चालले, पळले, चालले. उजवीकडनं ट्रक जात व्हते, त्यांच्या वाऱ्यानं बनियन फडफडायचा. कराड मागं पडलं. मंग पळताना सुई आली. मी चालले. थोड्या वेळानं चालताना आली.

मैलाचा दगड व्हता. उंब्रज तीन किलोमीटर.

तितं म्या काय केलं ते घरात पण लवकर सांगितलं न्हाई. रस्त्याच्या कडंला गेले, उजवा पाय मुडपला आणि लंगडी घातली. बघाय कोण न्हवतं. कुणाला फसवायचं न्हवतं. एक, दोन, तिसऱ्या उडीला आई गं म्हणून खाली आले.

तीन किलोमीटर म्हंजी काय वो, आमच्या मळ्यापासनं यष्टीच्या थांब्यापतूर. एवढं सारं मागं टाकलं आणि एवढंसं ऱ्हायलं. पुढं पिंकी दोन्ही हात वर करून उभी असंल, घे म्हणून. तेच डोळ्यांम्होरं आलं. हात वर केलेली पिंकी, आणि मला खाली वाकता येईना.

मी दगडावर बसले. लय रडले. मंडळाचा टेंपो आला, त्यात बसून उंब्रजला गेले. तितल्या शाळंच्या फाटकाम्होरं शर्यत संपायची चुन्याची पट्टी मारली व्हती, टेंपो तिच्या बाजूनं गेला. आत्याबाई पट्टीच्या पलीकडं पिंकीला कडेवर घेऊन उभ्या. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी खाली वाकून माजी नडगी चाचपली. म्हणल्या, "हाय न्हवं जाग्यावर? मला वाटलं खाटंवरच आणत्यात आता तुला."

दुसऱ्या दिशी सांगलीला परत फोटो. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. मी आधी सगळं सांगून टाकलं, चौथ्या उडीचं, हसण्याचं. ते रागावतील म्हणून पिंकीला म्होरं धरलं व्हतं. ते म्हणले, "मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. पायाकडे बघायला हवं होतं." मंग पेनानं दाखवलं. चीर थोडी लांबली व्हती, पर आरपार न्हवती गेली. "आणखी तीन किलोमीटर गेली असतीस तर मला रॉड शोधायला लागला असता. बसलीस, म्हणून वाचलीस."

दुसरं प्लास्टर सहा आठवडे. ह्या वक्ताला मी आत सुई घातली न्हाई, दिस मोजले न्हाईत. आत्याबाईंनी नाचणीची आंबील पाजली, डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळ्या पदराला बांधून ठेवल्या आणि वक्तावर दिल्या. कॅल्शियम म्हंजी हाडाचं खाणं. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या हाडातनं ते पोराकडं जातं, हे मला पैल्यांदा कळलं. चोळणारी म्हातारी दारात आली तर आत्याबाईच म्हणल्या, आवं तुमी माज्या गुडघ्याला चोळा, तिच्या पायाला हात लावू नगा.

उन्हाळ्यात शेवटचं दाखवायला गेले. आत्याबाई संगं व्हत्या. डॉक्टरांनी लंगडी घालायला सांगितली आणि ह्या वक्ताला खाली वाकून पायाकडं बघत बसले. दहा उड्या. काय न्हाई. अकरावी मी माजी म्हणून मारली.

त्या डॉक्टरांची, भावाची, टेंपोवाल्याची मी कशी उतराई व्हणार. पर सगळ्यात जास्ती त्या दगडाची. लोक म्हणत्यात जिद्द सोडू नये. मी म्हणते पाय काय सांगतो ते आधी ऐकावं. जिद्द दुसऱ्या दिशी पण मिळती.

परत येताना सांगली-सातारा यष्टी. कराड सोडलं आणि आत्याबाईंनी कंडक्टरला हाक मारली, "आवं, त्या तीन किलोमीटरच्या दगडापशी उतरवा आमास्नी."

कंडक्टर म्हणला, तितं थांबा न्हाई मावशी, उंब्रजला उतरा.

"उंब्रजला उतरून काय करू. माज्या सुनंचं तेवढं चालायचं ऱ्हायलंय."

गाडीतली माणसं हसली. कंडक्टरनं काय तरी पुटपुटून घंटी वढली.

आमी चाललो. पिंकी थोडी चालली, थोडी कडेवर, उजव्या कडेवर. आत्याबाई मागनं पिशवी घेऊन, दम खात, बडबडत, असल्या उन्हात कुणी सांगितलंय म्हणून मलाच बोलत. नडगी गप व्हती. मी पळाले न्हाई.

शाळंच्या फाटकापशी आलो. सुट्टी व्हती, पट्टी कवाच पुसली व्हती, तितं एक शेरडू बांधलेलं. आत्याबाई म्हणल्या, कुटं व्हती गं ती? मी पायानं दाखवली. त्यांनी पिंकीला माज्याकडनं घेतलं, शेरडाला बाजूला सारलं आणि पलीकडं जाऊन उभ्या ऱ्हायल्या, त्या दिशी उभ्या व्हत्या तशाच. घाम पुसला. मंग म्हणल्या, "ये आता."